श्वासाचें यंत्र आणि त्याचा भरंवसा

यंत्राचा टिकाऊपणा आणि यंत्राचा भरंवसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सामान्यतः कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कारण बहुतेक यंत्रांच्या बाबतींत त्या एकमेकींस सोडून राहत नाहींत. गाडीचें चाक मोडलें म्हणजे गाडी थांबते, पंपाचा दट्ट्या झिजला म्हणजे पाणी येईनासें होतें, घड्याळाची कमान तुटली म्हणजे कांटे जागच्या जागीं उभे राहतात. बिघाड झाला हें यंत्र स्वतःच सांगतें. परंतु कांहीं थोडीं यंत्रें अशीं आहेत कीं तीं बिघडल्यावरही पूर्वींसारखींच चालूं राहतात, आणि मालक त्यांजवर विसंबून असतांच त्याचा घात करितात. पाण्याखालीं दीर्घकाळ राहतां यावें म्हणून गेल्या दीडशें वर्षांत ‘रीब्रीदर’ नांवाचें जें श्वसनयंत्र घडत आलें, तें या दुसऱ्या जातीचें होय. त्याचा इतिहास बहुधा शोधकांच्या कल्पकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो विश्वासाचा इतिहास म्हणून अधिक उद्बोधक वाटतो. यंत्र मजबूत केलें कीं तें विश्वासूही होतें, हा समज त्यांत पुन्हां पुन्हां खोटा ठरलेला आहे.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. आपण आंत घेतों त्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो, आणि उच्छ्वासावाटे बाहेर टाकतों तींत अद्याप सुमारें १६ भाग शिल्लक असतो. म्हणजे प्रत्येक श्वासांतील प्राणवायूचा चौथा हिस्सा काय तो आपण वापरतों, आणि बाकीचा फेंकून देतों. जमिनीवर या उधळपट्टीचें कोणास कांहीं वाटण्याचें कारण नाहीं. पाण्याखालीं गोष्ट वेगळी. ३० मीटर खोलीवर चार वातावरणांचा दाब असतो. तेवढीच छाती भरण्यास तेथें चौपट हवा लागते, आणि ती सारी बुडबुड्यांच्या रूपानें निघून जाते. रीब्रीदर हा उच्छ्वास बाहेर जाऊंच देत नाहीं. तोंडांतील नळीवाटे तो एका डब्यांत नेला जातो. डब्यांत सोडामिश्रित चुन्याचे दाणे असतात, ते कर्बाम्ल वायु शोषून घेतात. खर्च झाला तेवढा प्राणवायु लहानशा बाटलींतून त्यांत घातला जातो. आणि तीच हवा पुन्हां छातींत जाते. शरीरास लागणारा प्राणवायु खोलीबरोबर वाढत नसल्यामुळें एवढीशी बाटली कित्येक तास पुरते.

युक्ति सुंदर आहे, परंतु तिच्यांतील धोकेही तितकेच सूक्ष्म आहेत. प्राणवायु कमी पडला तर मनुष्य कसलीही पूर्वसूचना न मिळतां बेशुद्ध होतो. दाबाखालीं तो अधिक झाला तर अपस्माराप्रमाणें झटके येतात, आणि तोंडांतील नळी सुटून पाणी आंत जातें. चुना निकामी झाला तर कर्बाम्ल वायु सांचतो. धाप लागते, आणि ज्या बुद्धीनें धोका ओळखावयाचा तीच प्रथम भ्रमिष्ट होते. या वायूंस रंग नाहीं. प्राणवायूची उणीव किंवा आधिक्य यांची नाकासही वर्दी मिळत नाहीं. आपल्याकडे धान्याच्या पेवांत किंवा पडीक विहिरींत उतरण्यापूर्वीं दोरीनें दिवा खालीं सोडून पाहण्याची चाल आहे. दिवा विझला तर शहाणा मनुष्य उतरत नाहीं. रीब्रीदर लावलेला पाणबुड्या आपलें पेव पाठीशीं बांधूनच उतरतो. त्याचा दिवा कोणता, हा या यंत्राच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

व्यवहारांत उपयोगी पडणारें पहिलें असें यंत्र हेन्री फ्ल्यूस या इंग्रजानें केलें. हा गृहस्थ पूर्वीं व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. १८७८ सालीं त्यानें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें. रबरी मुखवटा, श्वासाची पिशवी, प्राणवायूची तांब्याची टांकी आणि कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यांत भिजविलेले दोराचे धागे, एवढीच त्याची सामग्री. पाण्यानें भरलेल्या हौदांत एक तास बसून त्यानें यंत्राची परीक्षा घेतली, आणि पुढें उघड्या पाण्यांत सुमारें १८ फूट उतरून पाहिलें. आजच्या दृष्टीनें हें सारें ओबडधोबड दिसतें. परंतु या ओबडधोबड यंत्रानें दोनच वर्षांत एक असें काम केलें कीं त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगितलीच पाहिजे.

सेव्हर्न नदीखालून चार मैलांहून अधिक लांबीचा आगगाडीचा बोगदा खणण्याचें काम १८७३ सालीं सुरू झालें होतें. ऑक्टोबर १८७९ मध्यें जमिनीच्या पोटांतील एक प्रचंड झरा फुटला आणि झालेलें काम पाण्यानें भरून गेलें. पंप लावावे तर आधीं पाण्याची वाट अडविली पाहिजे. आणि ती अडविणारें लोखंडी दार, जीव घेऊन पळालेल्या मजुरांनीं उघडेंच टाकलेलें, उतरण्याच्या विहिरीपासून सुमारें एक हजार फूट आंत होतें. अलेक्झांडर लँबर्ट नांवाचा पाणबुड्या प्रथम नेहमींचा टोप घालून गेला. त्याच्या मागून वरून हवा पुरविणारी लांबच लांब नळी येत होती. ती ओढून धरण्यास आणखी दोन पाणबुडे वाटेंत उभे केले होते. परंतु नळी तरंगून छताला लागे, तिचें ओझें एकट्याला ओढवेना, आणि दार थोडक्यावर राहिलें असतां त्याला परतावें लागलें. तेव्हां फ्ल्यूसला बोलावणें गेलें. तो आपलें यंत्र घेऊन आला, स्वतः आंत उतरून पाहिलें, आणि त्या काळोखांत, दगडमातीच्या आणि उलटलेल्या गाड्यांच्या ढिगांतून पुढें जाण्यास तयार झाला नाहीं. त्यांत त्याला दोष देण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. शोधक आपल्या यंत्राला जितका ओळखतो तितका दुसरा कोणी ओळखत नसतो. मग लँबर्टनें तेंच यंत्र चढविलें. नोव्हेंबर १८८० मध्यें दोन खेपांत तो दारापर्यंत पोंचला, दाराच्या आड येणारे रूळ उपटून काढले, दार लावलें, आणि शेजारच्या नळाची झडपही सांगितल्याप्रमाणें फिरविली.

पुढें पाणी उपसून माणसें तेथवर गेलीं, तेव्हां असें आढळलें कीं त्या झडपेचे आटे उलटे होते. ती आधींच बंद होती. लँबर्टनें नेहमींच्या दिशेनें फिरवून ती उघडली होती. ज्या नवख्या यंत्राविषयीं सर्वांस धाकधूक होती त्यानें दगा दिला नाहीं, आणि जी झडप कोणाच्या शंकेसही पात्र नव्हती तिनें दिला. झडप मोडकी नव्हती, गळकी नव्हती. तिचा उलटेपणा अंधारांत चाचपणाऱ्या हाताला कळण्याजोगा नव्हता, इतकेंच.

ज्या १८७८ सालीं फ्ल्यूसनें पेटंट घेतलें, त्याच सालीं पॅरिस येथें पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाचा हवेच्या दाबाविषयींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखालील प्राणवायु हा प्राणदाता नसून विष आहे, त्यानें प्राण्यांस झटके येऊन मृत्यु येतो, असें त्यांत प्रयोगांनीं सिद्ध केलेलें होतें. एका वर्षीं यंत्र जन्मास आलें आणि त्याच वर्षीं त्याचा मृत्युयोगही लिहिला गेला. परंतु या दोहोंची गांठ पडण्यास पुढें साठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तीही युद्धाच्या निकडीनें पडली.

मधल्या काळांत हें यंत्र खाणींतील विषारी वायूंत शिरणाऱ्या बचाव-पथकांच्या पाठीवर गेलें आणि तेथें चांगलें नांवारूपास आलें. पाण्यांत त्याला नवा धनी मिळाला तो रॉबर्ट डेव्हिस. बुडालेल्या पाणबुडींतून खलाशांस वर येतां यावें म्हणून त्यानें एक आटोपशीर साधन तयार केलें, आणि १९२९ सालीं इंग्रज आरमारानें तें पत्करलें. १९३१ सालीं चीनच्या किनाऱ्यानजीक ‘पोसायडन’ ही पाणबुडी बुडाली, तेव्हां तींतील कांहीं खलाशी हें साधन लावून जिवंत वर आले. साहजिकच सर्वत्र मोठा विश्वास उत्पन्न झाला. हा विश्वास किती पोकळ होता हें १ जून १९३९ रोजीं दिसून आलें.

त्या दिवशीं ‘थेटिस’ ही नवीकोरी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत चाचणीसाठीं उतरली होती. आंत १०३ माणसें होतीं. टॉर्पेडो सोडण्याच्या नळींत पाणी आहे किंवा नाहीं हें कळावें म्हणून प्रत्येक नळीच्या मागील दाराला एक लहान तोटी असे. तोटी फिरवितांच धार आली तर समजावें कीं नळीचें समुद्राकडील तोंड उघडें आहे. पांचव्या नळीची तोटी फिरविली, धार आली नाहीं, दार उघडलें, आणि समुद्र आंत घुसला. तोटीचें छिद्र कारखान्यांतील रंगाच्या थरानें बुजून गेलें होतें. पेवांत दिवा सोडला, दिवा जळत राहिला, पण तो दिवाच खोटा होता! डेव्हिसचें साधन लावून चौघे जण वर आले. नंतर सुटकेची कोठडी अडून बसली, आणि ९९ जीव कर्बाम्ल वायूनें व पाण्यानें गेले. साधनांत कोठें शिवण उसवली नव्हती कीं रबर फाटलें नव्हतें. परंतु तें तोंडाला लावण्याची वेळ येईपर्यंत माणसांच्या रक्तांत जो कर्बाम्ल वायु भरलेला असे, त्याचा हिशेब साधन करणाराच्या कागदावर नव्हता.

तो हिशेब करण्याचें काम ज्यानें अंगावर घेतलें त्याचें नांव भारतीय वाचकांस परकें नाहीं. जे. बी. एस. हॉल्डेन हे तेव्हां लंडनमध्यें प्राध्यापक होते. मृतांत बरेचसे कारखान्यांतील कामगार असल्यामुळें कामगार-संघांनीं त्यांस चौकशीच्या कामीं लावलें, आणि त्यांनीं काय करावें, तर स्वतःस व चार सहकाऱ्यांस एका लोखंडी कोठडींत चौदा तासांहून अधिक काळ कोंडून घेऊन, हवा बिघडत जाते तसतसें बुद्धीचें व शरीराचें काय होतें याचें टिपण केलें. पुढें प्राणवायूच्या प्रयोगांत आलेल्या एका झटक्यानें त्यांच्या पाठीच्या मणक्यांस कायमची इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ सालीं कलकत्त्यास आले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. अनुवंशशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांस स्मरतों तें योग्यच. पण पाणबुड्यांच्या श्वासाचाही त्यांच्यावर हक्क पोंचतो.

युद्धांत या यंत्रांस एकाएकीं महत्त्व आलें. बुडबुडे येत नसल्यामुळें शत्रूच्या बंदरांत चोरून शिरण्यास दुसरें साधन नव्हतें. डिसेंबर १९४१ मध्यें इटालियन पाणबुड्यांनीं अलेक्झांड्रिया बंदरांत दोन इंग्रज युद्धनौका जायबंदी केल्या त्या याच साधनाच्या बळावर. परंतु स्वतःच्या बाजूचेच लोक सरावांत बेशुद्ध होऊं लागले, तेव्हां इंग्रज आरमाराला पॉल बेरची आठवण झाली. केनेथ डोनाल्ड या तरुण डॉक्टरानें १९४२ पासून स्वयंसेवकांवर प्रयोग केले. पाणबुड्यांनीं हौदाच्या तळाशीं दबा धरून बसलेल्या एका राक्षसाची कल्पना करून त्यास ‘ऑक्सिजन पीट’ असें नांव दिलें होतें. हा पीट कोणाला केव्हां धरील याचा नेम नाहीं, असें ते म्हणत. डोनाल्डच्या प्रयोगांचा निष्कर्षही याहून फारसा वेगळा निघाला नाहीं. प्राणवायु सोसण्याची शक्ति माणसामाणसांत निराळी, एवढेंच नव्हे, तर त्याच माणसांत आज एक आणि उद्यां दुसरी. यंत्राचे सर्व भाग कारखान्यांत एकाच मापाचे करतां येतात; त्याला जोडलेला हा शेवटचा भाग मात्र रोज नव्या मापाचा निघतो. १९४६ सालीं एका नाविक समितीनें पाणबुडींतून सुटलेल्यांचा व न सुटलेल्यांचा हिशेब मांडला, आणि पुढें आरमारानें डेव्हिसचें साधन सोडून देऊन साधनावांचून वर येण्याची रीत पत्करली. चांगलें घडविलेलें साधन उत्तम स्थितींत असतांना मोडींत निघाल्याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

१९६८ सालच्या सुमारास वॉल्टर स्टार्क व जॉन कॅनविशर यांनीं ‘इलेक्ट्रोलंग’ नांवाचें यंत्र पुढें आणलें, आणि प्रथमच असें वाटलें कीं आतां दिवा सांपडला. या यंत्रांत प्राणवायूचें प्रमाण सतत मोजणारे विद्युत्-घट होते; घट सांगेल त्याप्रमाणें झडप उघडे व मिटे. मनुष्याच्या अंदाजाची जागा मोजमापानें घेतली. तथापि कांहीं अपघाती मृत्यूंनंतर तें यंत्र बाजारांतून गेलें. पुढें रूढ झालेल्या घटांत शिशाचा प्राणवायूशीं संयोग होऊन अल्पसा वीजप्रवाह निघतो. प्राणवायु जितका अधिक तितका प्रवाह अधिक. परंतु शिसें संपत आलें म्हणजे एका मर्यादेपुढें प्रवाह वाढतच नाहीं. अशा वेळीं प्राणवायु धोक्याच्या पातळीवर गेला तरी घट ‘कमी आहे’ असेंच सांगत राहतो, आणि आज्ञाधारक झडप त्यांत आणखी भर घालते. यावर उपाय काय, तर एकाऐवजीं तीन घट बसवावे, आणि दोघांचें जें मत पडेल तें खरें मानावें. उपाय वरवर पाहतां निर्दोष दिसतो. परंतु तिन्ही घट एकाच दिवशीं विकत घेतलेले, एकाच वाफेंत व उन्हांत राहिलेले असतात. त्यांतील दोन एकदमच म्हातारे होतात, आणि तिसऱ्या खरें बोलणाऱ्याला बहुमतानें गप्प बसवितात. बहुमताचा न्याय सभेंत शोभतो. रसायनशास्त्र त्यास बांधलेलें नाहीं.

बिल स्टोन या अमेरिकन गुहाशोधकानें निराळा मार्ग धरला. पाण्यानें भरलेल्या गुहेंत कित्येक मैल आंत गेल्यावर वर येण्यास आकाशच नसतें. तेव्हां यंत्र बिघडणारच असें गृहीत धरून, प्रत्येक अवयव दुहेरी असलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. १९८७ सालीं फ्लॉरिडांतील वकुला या झऱ्यांत आपलें अवजड यंत्र लावून तो सतत चोवीस तास पाण्याखालीं राहिला. दहा वर्षांनीं, १९९७ सालीं, इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत तयार झालेलें ‘इन्स्पिरेशन’ हें यंत्र सामान्य हौशी पाणबुड्यांस विकत मिळूं लागलें, आणि जें साधन तोंवर आरमाराचें किंवा मूठभर साहसी लोकांचें होतें तें दुकानांत आलें. त्याबरोबर मानदंडही आले. २००३ सालच्या युरोपीय मानदंडाप्रमाणें चुन्याच्या डब्याची परीक्षा ४० मीटर खोलीच्या दाबाखालीं, ४ अंश उष्णतेच्या थंडगार पाण्यांत, दर मिनिटास १.६ लिटर कर्बाम्ल वायु सोडून घेतात. ही परीक्षा कडक आहे, आणि तिच्यामुळें बाजारांतील यंत्रांची घडण सुधारली यांत शंका नाहीं. घडणीची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. रबरी कड्यावर डोक्याचा एक केस राहिला तरी पाणी आंत शिरतें, आणि चुना सैल भरला तर हवा दाण्यांतून न जातां फटीफटींतून वाट काढते. परंतु चुना भरणारा हात कारखान्याचा नसतो.

८ जानेवारी २००५ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील बुस्मन्सगॅट या पाण्यानें भरलेल्या विवरांत डेव्हिड शॉ हा वैमानिक २७० मीटर खोल उतरला. दहा वर्षांपूर्वीं तेथें बुडालेल्या एका तरुणाचें प्रेत वर आणावें, एवढाच त्याचा हेतु होता. डोक्यावर चित्रें टिपणारें यंत्र असल्यामुळें त्याचे शेवटचे श्वास आपोआप नोंदले गेले, आणि पुढें तज्ज्ञांनीं ते मोजून त्यांचा अर्थ लावला. त्याचें रीब्रीदर बिघडलें नव्हतें. त्या खोलीवर वायु इतका दाट होतो कीं तो छातींतून आंत-बाहेर करणें हेंच एक कष्टाचें काम होऊन बसतें. प्रेताशीं झटापट करतांना त्याचा श्वास जलद झाला, पण जलद श्वासानें कर्बाम्ल वायु बाहेर पडेना. दिव्याची तार दोऱ्यांत अडकली, आणि ती सोडविण्याइतकी शुद्ध त्याला राहिली नाहीं. चार दिवसांनीं दोन्ही देह वर आले.

अमुक कारखान्याचें यंत्र श्रेष्ठ कीं तमुक कारखान्याचें, विजेवर चालणारें बरें कीं हातानें चालविण्याचें, या वादांत पाणबुडे मंडळी पुष्कळ उत्साह खर्च करितात. अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध या मंडळींनीं अवश्य वाचावा. १९९८ ते २०१० या काळांतील १८१ मृत्यूंचा त्यांत विचार आहे. साध्या हवेच्या बाटल्यांच्या मानानें रीब्रीदरवर मृत्यूचा धोका सुमारें दसपट, आणि कोणता तरी भाग निकामी होण्याचा संभव जोडबाटल्यांच्या साधनापेक्षां सुमारें पंचवीसपट, असा त्यांचा अंदाज आहे. परंतु विजेचें व हातचें या दोन जातींत मृत्यूच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. भाग निकामी होण्याचा धोका वेगळी, भरलेली बाटली जवळ बाळगल्यानें बराच भरून निघतो, असेंही त्यांनीं दाखविलें. मग मृत्यु कां? निबंधांत ज्या गोष्टींकडे बोट आहे त्यांत मनुष्य आणि यंत्र यांच्यामधील व्यवहार, आणि धोक्याची सूचना मिळूनही पुढें जाण्याची वृत्ति, या ठळक आहेत. यापूर्वीं, २०१२ सालीं ऑर्लंडो येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेंत सर्वानुमतें जी शिफारस झाली तिच्यांत नव्या धातूचा किंवा नव्या घटाचा उल्लेख अग्रभागीं नव्हता; पाण्यांत उतरण्यापूर्वीं छापील यादी हातांत घेऊन प्रत्येक भाग तपासावा, हें तीत मुख्य होतें.

या यादींत बहुधा शेवटीं एक कलम असतें. काठावर बसून, नाक बंद करून, पांच मिनिटें यंत्रांतून श्वास घ्यावा. चुना निकामी असेल तर धाप लागून तें आपोआप कळेल. यंत्रास कर्बाम्ल वायूचा भरंवशाचा मापक अजून लाभलेला नसल्यामुळें येथें मनुष्याचें शरीर हाच दिवा धरलेला आहे. २०१५ सालीं संशोधकांनीं याच कलमाची परीक्षा घेतली. वीस जणांस, डब्यांत काय आहे हें न सांगतां, पांच पांच मिनिटें श्वास घेण्यास बसविलें. चुना थोडासा निकामी होता, तेव्हां बहुतेकांस कांहींच कळलें नाहीं. डब्यांत चुना मुळींच नव्हता, तेव्हां पंधरा जणांनीं मध्येंच नळी काढून टाकली. उरलेले पांच जण वेळ संपेपर्यंत शांतपणें श्वास घेत बसले होते.